माजघर आणि चव्हाटा

(फुलंब्री येथे धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवप्रसंगी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिली हा शब्द आपण महोत्सव ह्या अर्थाने वापरतो. परंतु त्याचे मूळ जुन्या करारातील लेवीय नामक पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. दर पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकले जाई, आणि अडचणीच्या काळात ज्या कुळाची जमीन दुसऱ्याच्या हाती गेली असेल, त्या कुळाला ती परत मिळे. ज्याचे वतन त्याचे त्याला पोहोचते करणे, हा ज्युबिलीचा मूळ धर्म होय. आज मी शेताच्या वतनाविषयी बोलणार नाही. प्रत्येक मनुष्याला देवाने आणखी एक वतन दिले आहे, आणि ते म्हणजे त्याचे स्वतःचे आयुष्य: त्याचे आजारपण, त्याचे दुःख, त्याच्या घरातील बोलणी, त्याच्या लेकरांचे बालपण. हे वतन सांप्रत फार सहज परहस्ते जाऊ लागले आहे. मोबाईलवरून आपल्या घरच्या किती गोष्टी जगाला सांगाव्यात, हा प्रश्न आपल्यातील तरुण मंडळी व माता-भगिनी अनेकदा विचारतात. त्याचाच आज थोडा विचार करू.

आपल्या मराठवाड्यातील जुन्या वाड्यात पाऊल टाकले म्हणजे प्रथम ढाळज लागते. वाटसरू, देणेकरी, गावचा पाटील हे तेथे बसत. पुढे ओसरी, तेथे सोयरेधायरे बसत. त्याच्याही आत माजघर. तेथे घरचे माणूस, फार झाले तर लेकीची सासू. एकच गोष्ट ढाळजेत एका प्रकारे सांगितली जाई, ओसरीवर दुसऱ्या प्रकारे, आणि माजघरात तिसऱ्या. ह्यात लबाडी नव्हती. कोणत्या कानाला काय पेलते, ह्याचे ते शहाणपण होते. आज व्हॉट्सॲपच्या एका समूहात 1,024 माणसे बसू शकतात. फेसबुकवर सर्वांसाठी खुला ठेवलेला मजकूर कोणाच्याही दृष्टीस पडतो. तेथे ढाळज, ओसरी आणि माजघर ह्यांच्यामधील भिंती राहिलेल्या नाहीत. बोलणारा मात्र माजघरात बसल्याप्रमाणेच बोलतो. सर्व घोटाळा येथेच होतो.

स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसले जाते, मग चिंता कसली, असे तरुण म्हणतात. परंतु पाहणाऱ्याने त्याचे चित्र टिपून ठेवले, तर ते त्याच्या मोबाईलवर कायमचे राहते, आणि तेथून कोणाकडे जाईल हे आपल्या हाती राहत नाही. सगळे घर लग्नाला निघाले असता वाटेवरचे छायाचित्र टाकणे म्हणजे घराला कुलूप आहे अशी दवंडी स्वतःच पिटणे होय. लेकराची जन्मतारीख, शाळेचे नाव आणि गणवेशातील चेहरा ही तिन्ही एका ठिकाणी दिली, म्हणजे त्या लेकराला फसविण्यास अनोळखी माणसाला आणखी फारसे काही लागत नाही. तथापि चोराचिलटांचे भय हा आजचा माझा मुख्य विषय नव्हे. मला त्याहून खोल अशा एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. किती सांगावे, हे आपण विचारतो. त्याच्याही आधी विचारावयास हवे ते हे, की जी गोष्ट मी सांगत आहे ती कोणाची?

संत मार्कलिखित शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यात एकापाठोपाठ एक तीन माणसे येतात. पहिला, दुष्टात्म्यांनी पछाडलेला व थडग्यांमध्ये राहणारा पुरुष. तो बरा झाल्यावर प्रभूबरोबर येऊ म्हणतो. परंतु प्रभू त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जाण्यास आणि देवाने त्याच्यावर जी दया केली ती त्यांना सांगण्यास फर्मावतो. पुढे तो मनुष्य दकापलीस प्रांतभर ती गोष्ट सांगत फिरला. दुसरी, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री. ती गुपचूप येऊन वस्त्राला शिवते, आणि मग भीत-कापत पुढे होऊन सगळे खरे खरे स्वतःच सांगते. प्रभू तिला मुलगी म्हणून संबोधतो व शांतीने पाठवितो. तिसरी, याईराची बारा वर्षांची कन्या. तिच्या घरापुढे आक्रोश करणारी मोठी गर्दी होती. प्रभूने त्या सर्वांना बाहेर काढले. आत केवळ आईबाप आणि पेत्र, याकोब व योहान हे तीन शिष्य राहू दिले. मुलगी उठली, तेव्हा ही गोष्ट कोणाला कळू देऊ नका, अशी त्याने सक्त ताकीद दिली, आणि तिला खावयास द्यावे असे सांगितले.

शेवटच्या ताकिदीचा विचार करताना, प्रभूला आपले मशीहापण अकाली गाजवावयाचे नव्हते, असे विवरण पंडित करतात, आणि ते योग्यच आहे. तरीही एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष होऊ नये. ज्या पुरुषाला सांगण्याची आज्ञा झाली, त्याची गोष्ट त्याची स्वतःची होती. ज्या स्त्रीने भर गर्दीत सांगितले, तिनेही स्वतःचेच सांगितले. जिच्याविषयी मौनाची आज्ञा झाली ती मात्र बारा वर्षांची पोर होती. तिचे नावसुद्धा शुभवर्तमानकाराने लिहिलेले नाही. तिच्या मरणाची आणि पुन्हा उठण्याची गोष्ट गावभर करण्याचा अधिकार दाराशी जमलेल्यांना नव्हता. त्या घटकेला तिची गरज प्रसिद्धीची नसून पोटभर अन्नाची होती.

आता आपल्याकडे पाहू. मी पूर्वी सेवा केलेल्या एका धर्मग्रामात एका तरुण भगिनीला क्षयाचे निदान झाले. हा रोग बरा होणारा आहे. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध विनामूल्य मिळते, बहुतेक रुग्णांना सुमारे सहा महिने उपचार पुरतात, आणि योग्य औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच संसर्गाचे भय सामान्यतः ओसरते. परंतु शेजारच्या एका सज्जन बाईंनी प्रार्थनेच्या समूहावर त्या भगिनीचे नाव, रोगाचे नाव आणि दवाखान्याचे नाव लिहून सर्वांनी प्रार्थना करावी अशी विनंती केली. हेतू शुद्ध होता. संध्याकाळपर्यंत तो मजकूर दुसऱ्या समूहात, तेथून तिसऱ्यात आणि अखेर जेथे तिच्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती त्या गावी जाऊन पोहोचला. तेथून पुढे निरोप आला नाही. आजारी भगिनी मला म्हणाली, “फादर, देवाला माझे नाव ठाऊक नव्हते काय, की ते दोनशे माणसांमार्फत कळवावे लागले?” तिच्या ह्या प्रश्नाला उत्तर नाही. ती पुढे पूर्ण बरी झाली. पण कित्येक महिने ती मिस्सेला मागच्या दाराने येई आणि समाप्तीपूर्वी निघून जाई.

शेजारीणबाई खोटे बोलल्या नव्हत्या, हे लक्षात घ्या. आठवी आज्ञा केवळ खोट्या साक्षीपुरती आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ख्रिस्तसभेची शिकवण त्याहून बारीक आहे. दुसऱ्याविषयी खोटे पसरविणे हे पाप आहेच; परंतु दुसऱ्याचा खरा असलेला दोष ज्याला ठाऊक नाही अशा माणसाला योग्य कारणावाचून सांगणे, हेही पापच होय. आजार हा तर दोषसुद्धा नव्हे. ख्रिस्तसभेच्या 1983 च्या धर्मविधीसंहितेतील 220 वे कलम कोणाच्याही सत्कीर्तीला बेकायदा बाध आणण्याची आणि कोणाच्याही खाजगीपणाचा भंग करण्याची मनाई करते. पापनिवेदनाची मोहर तर आपण सर्व जाणताच. 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती मोडणाऱ्या धर्मगुरूला कडक शासन ठरविले, आणि आजही ती मोडता येत नाही. जिला गुपित राखण्याचे मोल इतके वाटते, त्या ख्रिस्तसभेच्या लेकरांनी प्रार्थनेच्या निमित्ताने एकमेकांची गुपिते वाटीत सुटावे, हे शोभत नाही.

आपल्या देशाचा कायदाही ह्याच दिशेने आला आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी ह्यांच्या याचिकेवर 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुढे 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून, त्याची माहिती वापरण्यापूर्वी कंपन्यांनी आईबापांची खातरजमा केलेली संमती घ्यावी असे ठरविले आहे. मात्र त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. जी माहिती मनुष्याने आपण होऊन जगजाहीर केली, तिला ह्या कायद्याचे संरक्षण लागू नाही. अर्थात, माजघराचे दार आपण स्वतःच सताड उघडले, तर राखणीसाठी कायदा तेथे उभा राहणार नाही.

आणि जे दार आपण उघडतो ते पुष्कळदा एकट्याचे नसते. 2018 साली केंब्रिज ॲनालिटिका नामक कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. फेसबुकने त्या वेळी दिलेल्या माहितीप्रमाणे भारतात केवळ 335 जणांनी ते प्रश्नावलीचे ॲप आपल्याकडे उतरवून घेतले होते. परंतु त्यांच्या मित्रयादीत असलेल्यांची मिळून 5,62,455 माणसांची माहिती त्यामुळे बाहेर गेली असण्याचा संभव होता. साडेतीनशेहून कमी माणसांनी होय म्हटले, आणि साडेपाच लाखांहून अधिक माणसांचे दार उघडले. त्यांना कोणी विचारले नव्हते. कुटुंबाचेही असेच असते. सुनेने सासरच्या भांडणाविषयी दोन ओळी लिहिल्या, तर त्यात तिच्याबरोबर नवरा, सासू, दीर आणि पाळण्यातील लेकरूही लिहिले जाते. उद्या समेट होईल, पाटावर शेजारी शेजारी बसून जेवणेही होतील. परंतु त्या दोन ओळी ज्यांनी वाचल्या, त्यांच्या मनात तो समेट कधीच होत नाही.

कोणी म्हणेल, “फादर, मग काहीच सांगू नये काय? झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच आपले सूत्र काय?” तसे नव्हे. ह्या म्हणीने आपल्या समाजाचे पुष्कळ नुकसानही केले आहे. घरात मारझोड होते, दारूपायी संसार धुळीस मिळतो, लेकराशी कोणी अघोरी वर्तन करतो, आणि घराची अब्रू जाईल म्हणून सारे मूठ झाकून बसतात. अशी मूठ झाकणे हे पापात वाटेकरी होणे आहे. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे 2012 च्या कायद्याने बंधनकारक आहे. संकटातील बालकासाठी 1098 हा क्रमांक आहे. ख्रिस्तसभेलाही हा धडा दुःखाने शिकावा लागला. पोप फ्रान्सिस ह्यांनी डिसेंबर 2019 मध्ये अशा प्रकरणांवरील परमधर्मपीठाच्या गोपनीयतेचे बंधन काढून टाकले. मात्र तोच 2012 चा कायदा पीडित बालकाचे नाव, चेहरा, घर वा शाळा प्रसिद्ध करण्यास मनाई करतो. म्हणजे ज्याच्या हाती उपाय आहे त्याच्या कानी गोष्ट गेलीच पाहिजे, आणि ज्याच्या हाती केवळ जीभ आहे त्याच्या कानी ती जाता कामा नये. खाजगीपण दुर्बलाच्या रक्षणासाठी आहे. अपराध्याला आडोसा देण्यासाठी ते नाही.

तसेच आपले सुखदुःख दूरच्या आपल्या माणसाला कळविणे ह्यात काहीच वावगे नाही. आपली मुले वाळूजला, पुण्याला, कोणी आखाती देशांत पोटासाठी गेली आहेत. 2020 साली टाळेबंदीत चर्चची दारे बंद असता पुष्कळांनी मिस्सा मोबाईलवरच पाहिली, आणि कित्येकांना बापाचे अंत्यदर्शनही त्याच काचेतून घ्यावे लागले. त्या यंत्राला मी दोष देणार नाही. सांगण्याची चांगली रीत कोणती, एवढेच पाहावयाचे आहे. आणि त्याचे दोन उत्तम नमुने आपल्या परंपरेत आहेत.

पहिला नमुना संत फ्रान्सिस डी सेल्स ह्यांचा. त्यांचे नाव धारण करणाऱ्या मिशनरींनी ह्या मराठवाड्याच्या मातीत श्रद्धेची नांगरणी केली, म्हणून ते आपल्याला घरचेच. हे महागुरू एका गृहस्थ स्त्रीला तिच्या आत्मिक जीवनाविषयी पत्रे व टिपणे लिहून देत. ती एका येशूसंघीय धर्मगुरूंच्या वाचनात आली, आणि ती छापावीत असा त्यांनी आग्रह धरला. त्यातून 1609 साली भक्तिमय जीवनावरील त्यांचा प्रख्यात ग्रंथ सिद्ध झाला. परंतु ग्रंथ छापताना संताने त्या स्त्रीचे नाव गाळले आणि तिला फिलोथेआ, म्हणजे देवावर प्रेम करणारी, असे संबोधिले. तिच्या दुबळेपणातून निघालेला बोध साऱ्या जगाला मिळाला. तिची स्वतःची ओळख ग्रंथापासून दूर राहिली. पुढे 1923 साली पोप अकरावे पायस ह्यांनी ह्याच संताला वृत्तपत्रकार व लेखक ह्यांचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. मोबाईलवर चार ओळी लिहिणारा प्रत्येक जण आज लेखकच आहे. तेव्हा त्यानेही ह्या संताचे बोट धरावे.

दुसरा नमुना लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा. त्या आपल्या कॅथॉलिक पंथाच्या नव्हत्या. पण मराठी ख्रिस्ती माणसाला त्या परक्या कशा वाटतील? रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि त्या पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. ह्याहून खाजगी दुःख कोणते? लक्ष्मीबाईंनी ते सारे सांगितले. परंतु ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग छापून निघाला तो 1934 साली. टिळक 1919 मध्येच निवर्तले होते. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत दुःख निवले होते, पतीशी मनोमीलन होऊन दोघांनी एकत्र संसार केला होता, राग गळून गेला होता. म्हणून त्या पुस्तकात पतीच्या तापट स्वभावाचे वर्णन असूनही त्यांच्याविषयी कडवटपणा नाही, आणि सर्वांत अधिक थट्टा कोणाची असेल, तर ती लेखिकेच्या स्वतःच्या भोळेपणाची व सोवळ्याची. आपण मात्र डोळ्यांतील पाणी सुकण्यापूर्वीच लिहितो. रागाच्या भरात लिहिलेले एक रात्र ठेवून सकाळी प्रार्थनेनंतर पुन्हा वाचले, तर त्यातील पुष्कळसे आपण स्वतःच पुसून टाकू.

ह्या सर्वांचा विचार करून, आपल्या धर्मग्रामापुरत्या काही गोष्टी मी आज आपल्यापुढे ठेवतो. ज्युबिलीची आठवण म्हणून त्या आपण पाळू या.

प्रार्थनेच्या समूहावर आजारी व्यक्तीचे वा तिच्या रोगाचे नाव तिने स्वतः सांगितल्यावाचून लिहू नये. ‘आपल्या एका आजारी बहिणीसाठी’ एवढे पुरे. देवाला पत्ता विचारावा लागत नाही. मरणाची बातमी मृताच्या घरच्यांनी कळविल्यावरच पुढे पाठवावी, आणि मृताचे मुख दाखविणारे छायाचित्र कोणी टाकू नये. मुंबईस असलेल्या लेकीला बापाचे मरण परक्याच्या स्टेटसवरून कळणे ह्यासारखी क्रूरता नाही. धान्य, वह्या वा कपडे वाटताना घेणाऱ्याचे छायाचित्र काढू नये. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, ही प्रभूची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग ते साऱ्या तालुक्याला का कळावे? घेणाऱ्याच्या खाली गेलेल्या मानेचे चित्र हे आपल्या दानाचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशीची लेकरांची छायाचित्रे आईबापांच्या हाती द्यावीत. ती खुल्या पानावर टाकावयाची असल्यास त्यांना आधी विचारावे, आणि लेकरू जाणते असेल तर त्यालाही विचारावे. दहावी नापास झालेल्या वा लहानपणी रडताना टिपलेल्या मुलाला मोठेपणी त्या चित्राचे काय वाटेल, ह्याचा विचार आज आईबापांनी करावयाचा आहे, कारण तो अजून करू शकत नाही.

ही शिस्त आपल्यापासूनच सुरू व्हावी, म्हणून ह्या महोत्सवाच्या स्मरणिकेत ज्यांची छायाचित्रे घ्यावयाची, त्या प्रत्येक कुटुंबाला आधी विचारण्याचे मी संपादक मंडळींना सांगितले आहे. जे नको म्हणतील त्यांचे चित्र त्यात नसेल, आणि त्यांनी नको का म्हटले हेही कोणी विचारणार नाही.

अखेरीस आपल्या पवित्र मातेकडे वळू. मेंढपाळ आले, त्यांनी देवदूतांचे वृत्त सांगितले, ऐकणारे सर्व आश्चर्यचकित झाले. परंतु मरियेने त्या साऱ्या गोष्टी आपल्या अंतःकरणात जतन केल्या व ती त्यांचे मनन करीत राहिली, असे संत लूक सांगतात. मग ह्या गोष्टी लूकांना कळल्या कशा? जुनी परंपरा अशी, की त्या मातेनेच पुढे सांगितल्या. पुत्राचा जन्म, त्याचे हरवणे व सापडणे हे सर्व तिने प्रथम वर्षानुवर्षे हृदयात राखले, आणि ज्या वेळी ते ख्रिस्तसभेच्या उपयोगाचे झाले त्या वेळी ते दिले. तिने ते राखले म्हणून ते शुद्ध राहिले, आणि तिने ते दिले म्हणून आज आपल्याला नाताळ आहे.

प्रिय जनहो, आपल्या घरच्या गोष्टी तशाच जतन करण्याचे बळ आणि योग्य वेळी योग्य माणसाला सांगण्याचा विवेक प्रभू आपल्या प्रत्येक कुटुंबाला देवो. आपल्या बोलण्याने ज्याचे मन दुखावले असेल त्याच्याकडे ह्या ज्युबिलीच्या वर्षात आपण जाऊ या, आणि त्याचे वतन त्याला परत करू या. सर्वसमर्थ देव पिता, पुत्र व पवित्र आत्मा आपणा सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.